दिल्लीच्या साहेबासाठी धुतलेली नळी

अंगणात शिरले आणि पहिली नजर गेली ती कपडे वाळत घातलेल्या दोरीवर. दोन धोतरं, एक हिरवं लुगडं, पोरांच्या चड्ड्या, आणि त्यांच्या शेजारी मधोमध दुमडून टाकलेली, दोन्ही टोकांनी पाणी गाळत असलेली माझी रबरी नळी.

ही नळी दोरीवर नव्हे, जमिनीच्या पोटात असायला हवी होती. शिमग्यापासून ती तिथेच होती. आणि त्याच दुपारी तिच्यातून येणारी हवा बघायला दिल्लीहून साहेब यायचे होते.

पेव आता फारसं कुणी बघितलेलं नसतं, म्हणून सांगते. घट्ट मुरमात माणसाहून खोल खड्डा घ्यायचा, तोंड अरुंद आणि पोट मोठं. आतून कडबा लावायचा, त्यात ज्वारी भरायची, तोंडावर शिळा ठेवून माती लिंपायची. आमच्या सोलापूरकडे ज्वारी अशीच ठेवत. पावसाळाभर आत राहते आणि तरी किडत नाही. का किडत नाही, हा आमच्या सरांचा प्रश्न. सर आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. त्यांचं म्हणणं असं, की ज्वारी आणि त्यातले किडे मिळून आतली चांगली हवा संपवतात, जड वायू साठतो आणि किडे गुदमरतात. पेव उघडलं की लोक आधी त्याला वारं खाऊ देतात, कंदील सोडून बघतात, मगच आत माणूस उतरवतात. तेव्हा आत वायू असतो हे गावात पोरालाही ठाऊक होतं. पण महिन्यामहिन्याला तो किती होत जातो, कुठल्या महिन्यात किडा मरतो, हे कुणी मोजलेलं नव्हतं. ते मोजलं तर उद्या सरकारी गोदामातही ज्वारी औषधाशिवाय टिकवता येईल, असं सरांच्या मनात होतं.

दिल्लीत विज्ञानाला पैसे देणारं एक सरकारी खातं होतं. सरांनी त्यांना प्रस्ताव पाठवला तेव्हा स्टाफरूममध्ये सगळे हसले. धान्याच्या खड्ड्याला दिल्ली कशाला पैसे देतेय! दिल्लीनं दिले. काचेचं वायुमापक उपकरण पुण्याहून आलं, रसायनं आली, एसटीचा खर्च आला आणि एका संशोधक विद्यार्थ्याची फेलोशिप आली. तो विद्यार्थी मी. कॉलेजच्या हेडक्लार्कनी मंजुरीचा कागद पालथा करून बघितला आणि विचारलं, "सर, हे पेव इमारतीत धरायचं की उपकरणांत?" तो घोळ शेवटपर्यंत मिटला नाही.

पण दिल्ली सगळं एकदम देत नसे. एक वर्ष झालं की अहवाल, आणि मग तिथला एक तज्ज्ञ येऊन जागेवर बघणार. त्यानं मान डोलावली तर पुढची वर्षं. नाही डोलावली तर उपकरण कपाटात आणि मी घरात.

घरात म्हणजे कुठे, तेही सांगते. भवानी पेठेत आमचं सुताचं लहानसं दुकान होतं. माझ्यासाठी नातेपुत्याचं एक स्थळ आलेलं होतं. बाबांनी त्या पाहुण्यांना सांगून ठेवलं होतं, "दिल्लीचं काय ते कळू द्या, मग कळवतो." फेलोशिप असेपर्यंत शिकायचं आणि ती संपली की पोहे घेऊन बाहेर यायचं, असा आमचा बापलेकीचा करार. आपण सोलापुरातल्या एका मुलीचं लग्न अडवून बसलोय, हे दिल्लीला कधीच कळलं नाही.

आता त्या काळातली मी कशी होते ते बघा. त्या दिवशी मंद्रूपला, म्हणजे पेवाच्या गावी, निघताना मी भावजयीची नायलॉनची साडी नेसले होते आणि टाचेच्या सँडल घातल्या होत्या. पाऊस पडून गेलेला, काळं रान, आणि ही बया टाचा रोवत चाललीय! त्यावर कॉलेजच्या प्रयोगशाळेतला पांढरा कोट. का? तर दिल्लीच्या माणसाला शास्त्रज्ञ ओळखू यावा म्हणून. स्टँडवर उतरल्यावर एका म्हातारीनं लांबूनच हात हलवला, "न्हाय बाई न्हाय, आमाला सुई नगं!" मी तिला शुद्ध भाषेत समजावलं, की आपण आरोग्य खात्याच्या नाही आहोत. ती आणखी घाबरली.

तोवर मी महिनोन्महिने मंद्रूपला जात होते. नळीतून हवा ओढून फुटबॉलच्या ब्लॅडरमध्ये भरायची, तोंड बांधायचं आणि तो फुगा मांडीवर घेऊन एसटीनं कॉलेजात यायचं. रबरातून तो वायू हळूहळू निसटतो, म्हणून सारा रस्ता जीव टांगणीला. कंडक्टर दर खेपेला तेच म्हणायचा, "ताई, ह्या बाळाचं हाफ तिकीट काढा की." मी त्याला उत्तर देत नसे. मला वाटे, शास्त्रज्ञ माणसं हसत नसतात.

त्या दिवशी मात्र साहेबांना मोजमाप जागेवरच बघायचं होतं. फुग्यांवर त्यांचा विश्वास नाही, असं त्यांनी कळवलं होतं. म्हणून मी काचेचं उपकरण लाकडी पेटीतून सकाळीच आणलं होतं. सर त्यांना जीपमधून दुपारी घेऊन येणार होते. आणि माझी नळी दोरीवर.

"वहिनी," त्या घरच्या सुनेला मी कशीबशी हाक मारली, "ही नळी इथे कशी?"

"आवं, दिल्लीचं पावणं येनार की!" ती पदर खोचत हसत आली. "आन् तिला ही माती, हे जाळं. म्या म्हटलं, बरं दिसत न्हाय. ओढाय लागले तर येतच ऱ्हायली बया, येतच ऱ्हायली! म्या म्हटलं, येतीया तितकी येऊ दे. साबण लावून दोनदा धुतली."

येतच राहणार होती. ज्वारी भरताना मी स्वतः तिचं टोक पेवाच्या मध्यापर्यंत सोडलं होतं.

"आणि भोक?"

"बुजवलं की. सारवून घेतलं. बघा तरी!"

मी बघितलं. पेवाच्या तोंडाभोवतीचं अंगण आरशासारखं सारवलेलं, शिळेवर कमळाची रांगोळी, खाली सुस्वागतम. इतकं सुंदर पेव त्या गावानं कधी बघितलं नसेल.

"भोक किती वेळ उघडं होतं, वहिनी?"

"थोडा येळ."

"थोडा म्हणजे किती?"

"म्हंजे... शेण आनाय गेले. तवर म्हशीनं दावं तोडलं. मग म्हशीमागं वड्यापतूर... थोडाच येळ की ओ. का? काय झालं?"

काय झालं हे मी तिला काय सांगणार? बोटभर जाडीच्या त्या भोकातून बाहेरची हवा आत गेली होती आणि आतला वायू वर आला होता. किती, ते म्हशीला ठाऊक. मी पांढऱ्या कोटासकट ओल्या अंगणात बसले. कोटाचा मागचा भाग हिरवा झाला हे मला संध्याकाळी कळलं.

ओसरीवरून त्या घरची म्हातारी हे बघत होती. घर कानडी बोलणारं. सगळे तिला अव्वा म्हणत, म्हणून मीही अव्वाच म्हणायची. आमच्याशी ती मराठी बोलायची.

"रडतीस व्हय गं?"

"नाही अव्वा."

"मग नाक कशाला पुसतीस त्या पांढऱ्या झग्याला? आदी च्या पी. मग रड."

चहा तसाच राहिला. लोखंडी सळई मागून मी जुन्या जागी हळूच भोक पाडलं, ओली नळी पुसून आत सारायला लागले. हातभर गेली आणि थांबली. रबरच ते! खाली ज्वारी दाबून बसलेली, नळी तिच्यावर गुंडाळी होऊन पडायची. परत ओढायची, परत सारायची, पुन्हा तेच. शेवटी भोवती ओली माती दाबली आणि वरच्या वरची हवा ओढून उपकरणात घेतली.

त्या उपकरणाचं काम साधं होतं. ठरावीक हवा काचेच्या नळीत घ्यायची आणि पोटॅशच्या पाण्यातून फिरवायची. ते पाणी तेवढा जड वायू पिऊन टाकतं. मग हवा जितकी कमी भरते तितका वायू. मागल्या खेपेपर्यंत आकडा चढत आलेला होता. आज तो निम्म्याच्याही खाली होता. पुन्हा केलं. तोच. मी नळी झटकली, जणू तिच्यात आणखी थोडा वायू लपून बसलाय. आणि मग मळ्याच्या वाटेनं जीपचा आवाज आला.

साहेबांसाठी मी इंग्रजीतलं भाषण पाठ केलं होतं. आरशासमोर, हातवाऱ्यांसकट. "रिस्पेक्टेड सर" इथून सुरुवात होती. जीपमधून उतरले ते किडकिडीत, पांढऱ्या केसांचे, पायात कॅनव्हासचे बूट घातलेले गृहस्थ. दिल्लीचा साहेब म्हणजे सूट, हे माझ्या डोक्यात इतकं पक्कं होतं की मी त्यांना ओलांडून जीपमध्ये दुसरं कुणी आहे का ते बघितलं.

मी सरांना बाजूला घेऊन सांगितलं. सरांनी चष्मा काढला आणि पुसायला लागले. घाबरले की ते चष्मा पुसत. पुसतच राहिले.

"आता?" मी विचारलं.

"थांब," सर म्हणाले. "थांब जरा." आणि पुन्हा पुसायला लागले.

तोवर तिकडे भलतंच घडलं होतं. ओसरीवर अव्वानं "बर्री, कूड्री", या, बसा, असं म्हणत घोंगडं अंथरलं आणि साहेबांचा चेहरा उजळला. दिल्लीचा साहेब धारवाडकडचा निघाला! दोघं जी कानडीत सुरू झाली ती थांबायलाच तयार नाहीत. मला भवानी पेठेतल्या विणकरांमुळे तेलुगू थोडं कळे, कानडी अजिबात नाही. मी खांबाला धरून दोघांच्या तोंडाकडे बघत होते. अव्वा दोरीकडे बोट दाखवायची, साहेब दोरीकडे बघायचे. अव्वानं दोन्ही हातांनी काहीतरी लांबच लांब ओढल्याचा अभिनय केला. मग पिळल्याचा. त्या सगळ्या बोलण्यातून मला एकच शब्द ओळखू आला. साबण.

संपलं, असं मला वाटलं. अव्वा मोठ्या अभिमानानं सांगत होती, तुमच्यासाठी आम्ही किती स्वच्छता केली. आणि साहेब मान हलवत ऐकत होते. माझं संशोधन आडवं पडत होतं आणि मला ते ज्या भाषेत पडतंय तीही येत नव्हती.

साहेब उठले, पेवापाशी आले. रांगोळी पुसू नये म्हणून वळसा घालून आले, हे मला आजही आठवतं. त्यांनी इंग्रजीत विचारलं, "आजचा आकडा?"

रिस्पेक्टेड सर कुठच्या कुठे गेलं. मी आकडा सांगितला.

त्यांनी कागद काढला, आम्ही पाठवलेला तक्ता. "इथे तर चढत आलाय. मग अहवाल चुकला की पेव चुकलं?"

सर पुढे आले, पण साहेबांनी हात वर केला. त्यांना माझं उत्तर हवं होतं.

"नळी," मी म्हणाले. इंग्रजी आणि मराठीची खिचडी करत. "आज सकाळी... नळी काढली, धुतली. भोक उघडं राहिलं. आता नळी फक्त वर आहे, सर. हा वरचा आकडा आहे. वायू जड असतो. तो खाली असणार."

"असणार," साहेब म्हणाले. "असणार म्हणजे काय? मी दिल्लीला लिहू, असणार?"

पेव उघडून दाखवावं तर सगळाच वायू जाणार, आणि दिवाळीपर्यंतचा प्रयोग तिथेच संपणार. घट्ट, वाकणार नाही, आतून पोकळ असं काहीतरी हवं होतं. माझी नजर अंगणभर फिरली आणि भिंतीला टेकवलेल्या पाभरीवर थांबली. पेरणीची पाभर. तिला खाली बांबूच्या पोकळ नळ्या असतात, वरून बी टाकलं की त्यांतून ते जमिनीत पडतं.

मी धावले. एक टाच सारवणात रुतून तुटली, सँडल तिथेच राहिली.

"अण्णा, ही एक नळी सोडवून द्या!"

अण्णा म्हणजे घरमालक, अव्वाचा मुलगा. ते पाभरीसमोर आडवे झाले. "तिला हात लावायचा न्हाय."

"अण्णा, फक्त थोड्या वेळासाठी!"

"उद्या पेरनी हाय. वापसा आलाय. रान काय तुमच्या दिल्लीवानी थांबतंय व्हय? आत घातली आन् मोडली तर म्या काय बोटानं पेरू?"

त्यांचं खरं होतं. वापसा म्हणजे पेरणीजोगी ओल; ती उडाली की रबी गेली. साहेबांनी घड्याळ बघितलं, त्यांना संध्याकाळची गाडी गाठायची होती. मी एका सँडलवर उभी होते आणि नातेपुत्याचं आख्खं घराणं मला डोळ्यांसमोर दिसत होतं, पोह्यांच्या बश्यांसकट.

तेव्हा अव्वा ओसरीवरून कानडीत काहीतरी म्हणाली. एकच वाक्य. अण्णांनी तिच्याकडे बघितलं, खांद्यावरचा पंचा दाणकन जमिनीवर टाकला आणि स्वतःच नळी सोडवायला बसले. ती काय म्हणाली ते मागाहून साहेबांनी सरांना सांगितलं: नळी आपल्या घरानं काढलीय, आपल्या घरानंच घालायची.

रबरी नळीच्या टोकाला फडक्याची चिंधी बांधली, ती बांबूतून ओवली. भोक मोठं करावं लागणार होतं, म्हणजे आणखी वायू जाणार. वहिनी ओल्या मातीचा गोळा घेऊन तयार बसली. तिला आता सगळं कळलं होतं. अण्णांनी पहारीनं एकच ठोका दिला.

"तोंड बाजूला घ्या, बाई!"

मी घेतलं. उबट, आंबूस वास अंगावर आला. बांबू आत गेला, हातभर, मग थांबला. अण्णांनी दोन्ही तळव्यांत धरून तो रवीसारखा फिरवायला सुरुवात केली. फिरवायचा आणि दाबायचा. ज्वारी करकरत बाजूला होत होती. आत गेला, आणखी गेला, आणि कट्ट असा आवाज झाला.

"मोडली," अण्णा म्हणाले.

"कुठे?"

"मला काय दिसतंय आतलं?"

वहिनीनं माती थापली. मी आधी आतली शिळी हवा ओढून सोडून दिली, मग उपकरणात घेतली. नळीतून हवा येत होती. पण कुठून येत होती, खालून की मोडल्या जागेतून, देव जाणे. मी पोटॅशच्या पाण्यातून ती फिरवायला लागले. साहेब माझ्या खांद्याशी वाकले. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. पाणी काचेत चढायला लागलं. मघाच्या खुणेशी आलं. मी डोळे मिटले. डोळे मिटून उपकरण वाचणारी मी जगातली पहिली शास्त्रज्ञ असेन.

"वर गेलं," सर कुजबुजले.

उघडून बघितलं तर पाणी मघाची खूण सोडून वर गेलं होतं, मागल्या खेपेच्या खुणेपाशी आलं होतं, आणि तिच्यावर बारीकसं चढत होतं.

"परत करा," साहेब म्हणाले.

परत केलं.

"परत. आता मी करतो."

त्यांनी स्वतः केलं. वहीत लिहिलं. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही. मग ओसरीवर जाऊन भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ली, अव्वाशी कानडीत पुन्हा काहीतरी विचारपूस केली आणि जीपमध्ये बसले. जाताना आम्हाला फक्त "थँक यू". सरांनी चष्मा पुसायला काढला, तो सोलापूर येईपर्यंत घातला नाही म्हणे.

जीप गेली तसे अण्णा माझ्यासमोर उभे राहिले. "माजी नळी?"

"दिवाळीला, अण्णा. आता ओढली तर सगळं जाईल."

"मग उटा. झगा काढा आन् चला."

त्यांनी मला गावभर हिंडवलं. नायलॉनच्या साडीत, एका हातात तुटकी सँडल. पेरणीच्या आदल्या दिवशी कुणी पाभरीची नळी उसनी देईल? घराघरात मला विचारलं गेलं, "बाई, दिल्लीवाल्यांनी नळी न्हेली काय?" शेवटी एका म्हाताऱ्यानं मोडकी पाभर दाखवली. तिची एक नळी शाबूत होती. माझं पहिलं यशस्वी क्षेत्रकार्य तेच.

मग वाट बघणं. त्याची चीड मला आजही येते. सरांनी दोनदा दिल्लीला लिहिलं, उत्तर नाही. हेडक्लार्कनी उपकरणाच्या कपाटाची किल्ली मागितली, "नंतर गोंधळ नको" म्हणून. नातेपुत्याहून निरोपावर निरोप. बाबा दुकानातून घरी आले की आधी माझ्याकडे बघायचे, मी मान हलवायची, आणि ते जेवायला बसायचे. अव्वाला प्रत्येक खेपेला मी विचारायची, "साहेब जाताना काय म्हणाले हो?" ती सुपारी कातरत म्हणायची, "तुला काय करायचंय? आमची आमची गोष्ट हाय." मला वाटे, ती वाईट बातमी लपवतेय.

नवरात्र गेलं. दिवाळी तोंडावर आली आणि दिल्लीचं पाकीट आलं. पुढच्या वर्षांचं अनुदान मंजूर. सोबत तज्ज्ञांचा शेरा होता, एका ओळीचा: यापुढे पेवातील हवेचे नमुने वेगवेगळ्या खोलीवरून, ताठ नळीनेच घ्यावेत. बस्स. माझ्या एका दुपारची, एका सँडलची आणि अण्णांच्या बांबूची ती एक ओळ झाली. हेडक्लार्कनी ती वाचून विचारलं, "ताठ नळी म्हणजे? तीन दुकानांची दरपत्रकं लागतील."

नातेपुत्याच्या पाहुण्यांनी दुसरीकडे जमवलं होतं. त्यांची सून फार गुणी निघाली असं ऐकते. बरं झालं त्यांचं.

पाकीट घेऊन मी मंद्रूपला गेले तेव्हा पेव उघडलेलं होतं. दोन दिवस वारं दिलेलं. कंदील उतरवला, तो विझला नाही, मग माणूस आत गेला. ज्वारी चांगली निघाली. कडेची थोडी आंबूस, मधली पिवळी लख्ख. आणि वरच्या थराखाली अण्णांची नळी, मधोमध चिरलेली. अण्णांनी ती उचलून माझ्या हातात दिली.

मी अव्वापाशी बसले. "आता तरी सांगा. साहेब काय म्हणाले?"

"म्हनायचं काय? इचारलं, कुटल्या साबणानं धुतली."

मी बघतच राहिले. मग लक्षात आलं आणि हसायला लागले. कपड्याच्या साबणाचा खार नळीत राहिला असता तर तोही वायू पिऊन बसला असता, आकडा आणखी पाडला असता. भाकरी खाता खाता म्हाताऱ्याच्या डोक्यात तेच चाललं होतं! आणि माझ्या, शहाणीच्या, ते डोक्यातही आलं नव्हतं.

"आणि तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं, अंगाच्या. पावन्यासाटी कपड्याचा कशाला लावंल आमची सून?" अव्वानं माझ्या हातातल्या पाकिटाकडे बघितलं. "मंजूर झालं म्हन की."

"झालं, अव्वा."

"मग पुढल्या साली येनार त्यो?"

"येईल बहुतेक."

ती जरा विचारात पडली. वहिनीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"मग आत्ताच सांग बाई," ती म्हणाली, "नळी धुवायची का न्हाय?"